चाकाचें माप आणि टायराची हौस



आज मी आपणांशीं बोलणार आहें तें एका अगदीं साध्या विषयावर. छोट्या मोटारीच्या चाकास कोणत्या रुंदीचा टायर मानवतो, हा तो विषय. जन्मभर खेड्यांतल्या शाळेंत त्रैराशिक शिकविलेल्या माणसानें टायराविषयीं काय सांगावें, असें आपणांस वाटेल. परंतु हा प्रश्न मुळांत अंकगणिताचाच आहे. तो सोडवावयाचा सोडून लोक डोळ्यांना काय बरें दिसतें तेवढेंच पाहतात, म्हणून हा प्रपंच.

आमच्या लहानपणीं गांवचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवी. धांव तापवून लाल करावयाची, लाकडी चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. आंवळत जाणारें लोखंड चाकास असें घट्ट धरी कीं पुढें कित्येक वर्षें तें सुटत नसे. त्या लोहारास घेराचें माप साधलें कीं सारें साधलें. रबरी टायराचें तसें नाहीं. तेथें घेराबरोबर रुंदीही जुळावी लागते, आणि घोटाळा होतो तो येथेंच. घेर चुकला तर टायर चढतच नाहीं. रुंदी चुकली तर तो चढतो, हवा धरतो, आणि वर झोकदारही दिसतो!

टायराच्या कुशीवर, समजा, १४५/८० आर १३ असें लिहिलेलें आहे. पहिला आकडा फुगलेल्या टायराची एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची रुंदी सांगतो, ती मिलिमीटरांत. दुसरा सांगतो कीं, कुशीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०, म्हणजे ११६ मिलिमीटर आहे. ‘आर’ हें अक्षर रेडियल बांधणीचें. शेवटचा १३ हा रिमेचा व्यास, आणि तो इंचांत. एका ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच! एकाद्या मुलानें असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्याखालीं तांबडी रेघ ओढली असती. पण जगभर हीच रीत रूढ आहे, तेव्हां आपला नाइलाज आहे.

या ओळींत एक माप मात्र नाहीं, आणि तें म्हणजे रिमेची रुंदी. तें खुद्द रिमेवर ठोकलेलें असतें: ४ जे × १३, साडेचार जे × १३, अशा रीतीनें. रिमेच्या दोन्ही उभ्या कडांच्या आंतल्या अंगांमधील अंतर म्हणजे ही रुंदी. ‘जे’ हें त्या कडेच्या घडणीचें नांव. टायराच्या दोन्ही कांठांत पोलादी तारांचीं कडीं असतात, त्यांस कारागीर बीड म्हणतात. तीं याच अंतरांत बसून हवा कोंडून धरतात. कोणत्या टायरास किती रुंद रिम चालते याचें कोष्टक ठरलेलें आहे. १४५/८० च्या टायरास साडेतीन ते पांच इंच, १५५/६५ च्या टायरास चार ते साडेपांच इंच, आणि १७५/७० च्या टायरास साडेचार ते सहा इंच. शिवाय, तोच टायर अर्धा इंच अधिक रुंद रिमेवर चढविला तर तो सुमारें पांच मिलिमीटर रुंदावतो. म्हणजे टायरावरचा रुंदीचा आकडा देखील एका ठराविक रिमेवर घेतलेला असतो. रिम सांगितल्यावांचून तो पुरा होत नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गाडीस १४५/८० आर १३ चे टायर होते. ते काढून त्यानें १७५/७० आर १३ चे घातले. रिमा मूळच्याच, चार इंच रुंदीच्या. मला तो अभिमानानें म्हणाला, “गुरुजी, आतां गाडी रस्त्याला चिकटून चालंल बघा.” आषाढांत तो आमच्या राधानगरीवरून, दाजीपूरमार्गें फोंडा घाट उतरून कोंकणांत जाऊन आला, आणि परततांना माझ्याकडे थांबला. तेव्हां बोलणें निराळें होतें. “गुरुजी, वळणावर गाडी पवल्यागत करती.”

पोहणारच! साडेचार इंचांहून अरुंद रिम ज्यास चालत नाहीं तो टायर त्यानें चार इंचांत कोंबला होता. दोन्ही बीड जवळ ओढले गेले कीं कुशी बाहेर फुगतात आणि रस्त्यास टेकणारा पट्टा मध्यें उंचावतो. सरळ रस्त्यावर हें जाणवत नाहीं. वळणावर मात्र गाडीचा भार एका बाजूस जातो, फुगलेली कूस मुडपते, आणि चक्र फिरविल्यावर गाडी क्षणभर मागाहून वळते. दाजीपूरच्या जंगलांत धुक्यांतून गवा अकस्मात् रस्त्यावर उभा राहतो. तेव्हां चालकाजवळ असतो तो हाच एक क्षण. हवा कमी असेल तर झटक्यासरशीं बीड रिमेवरून सरकण्याचीही भीति असते.

आणि चिकटून चालण्याचें म्हणाल, तर तेंही त्रैराशिकानें पाहूं. माणसांसह गाडीचें वजन ८०० किलो धरा; एका चाकावर २०० आले. टायरांत तीस पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलो दाब. भागाकार केला तर रस्त्यास टेकणारी जागा सुमारें ९५ चौरस सेंटिमीटर, बोटें सोडून नुसत्या तळहाताएवढी येते. हवा तीच ठेवून टायर रुंद केला तरी ही जागा फारशी वाढत नाहीं; ती आडवी पसरते आणि लांबीनें आंखूड होते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वळतांना त्याचा थोडा लाभ आहे. पण आमच्याकडील पावसांत रस्त्यावर पाण्याचा थर सांचलेला असतो, आणि जितका टायर रुंद तितकें अधिक पाणी त्यास बाजूस लोटावें लागतें. न लोटलें तर गाडी पाण्यावर तरंगते.

उलट चूकही मीं पाहिली आहे. सहा इंची चकचकीत रिमा घेऊन त्यांवर जुनेच अरुंद टायर ताणून बसवितात. मग रिमेची कड उघडी पडते आणि पहिल्याच खड्ड्यांत वांकते.

टाटांची नॅनो गाडी २००९ सालीं आली तेव्हां तिच्या पुढच्या चाकांस १३५/७० आर १२ आणि मागच्या चाकांस १५५/६५ आर १२ असे टायर होते. पुष्कळांना ती काटकसर वाटे. इंजिन मागें असल्यानें भार मागें होता, म्हणून मागचे टायर रुंद. ती गाडी आतां निघत नाहीं, परंतु जुनी कोणी वापरीत असेल तर त्यानें चारी टायर एका मापाचे घालूं नयेत, आणि पुढचीं चाकें मागें टाकूं नयेत.

रुंद टायराची हौसच असेल तर रिमही कोष्टकाप्रमाणें बदलावी, एकूण व्यास मूळच्यापेक्षां शेंकडा तिनांहून अधिक सरकूं देऊं नये, आणि भाराचा आकडा मूळच्याहून कमी नसावा. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतींत व्यास ५६२ वरून ५७५ मिलिमीटर झाला होता. एवढ्यानेंही वेगाचा कांटा सव्वादोन टक्क्यांनीं मागें पडतो. मूळचें माप बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटविलेलें असतें. रिमेचा आकडा पाहावयाचा तर पोलादी चाकावरील प्लास्टिकची टोपी काढावी लागते. तो बहुधा हवा भरण्याच्या नळीच्या आसपास असतो. तेथें चिखल साठलेला असतो, तेव्हां जवळ ओलें फडकें असावें.