वाटेवरची स्पॅनिश

हवानाच्या रस्त्यावर एखादा गृहस्थ ‘ग्वाग्वा’ची वाट पाहत असला, तर तो बससाठी खोळंबला आहे असे समजावे. तेच वाक्य त्याने चिलीमध्ये उच्चारले, तर ऐकणारा त्याचे अभिनंदन करील. कारण केचुआ भाषेतून आलेल्या ‘ग्वाग्वा’ या शब्दाचा तेथील अर्थ तान्हे मूल असा आहे. स्पॅनिशचे व्याकरण माद्रिदपासून ब्वेनोस आयरेसपर्यंत बहुतांशी एकच. पण घराबाहेर पडून गाडी गाठावयाची म्हटली की प्रत्येक देश आपल्या बोलीत बोलू लागतो.

मेक्सिकोत बसला ‘कामियोन’ म्हणतात. स्पेनमध्ये ती मालमोटार. मेक्सिको शहरातील सामायिक मोटारींचे भाडे एके काळी एक पेसो होते, म्हणून त्या ‘पेसेरो’ झाल्या. भाडे वाढत गेले, नाव मात्र जुन्या दरालाच चिकटून राहिले. ब्वेनोस आयरेसमध्ये १९२८ साली धंदा बसला तेव्हा टॅक्सीवाल्यांनी एकाच गाडीत अनेक उतारू घेण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून ‘कोलेक्तीवो’ जन्मास आली. पश्चिम महाराष्ट्रातील ‘वडाप’ ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना तिच्यातील दाटीवाटीचे वर्णन ऐकविण्याची गरज नाही.

खरी गंमत आहे ती वाटेत गाडी थांबवून फुकट जागा मागण्याच्या शब्दांत. मेक्सिकन मनुष्य ‘आबेन्तोन’ मागतो. हा शब्द फेकणे, ढकलणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. जणू गाडीवाला त्याला चार कोस पुढे भिरकावूनच देणार! व्हेनेझुएलात ‘कोला’, म्हणजे शेपूट, मागतात.

क्यूबात मागतात ती ‘बोतेया’, म्हणजे बाटली. १९५९ च्या क्रांतीपूर्वी याच शब्दाने काम न करता सरकारी पगार खाण्याची जागा ओळखली जाई, आणि त्यात उघड तुच्छता होती. पुढे १९९१ साली सोव्हिएट संघ कोसळला, तेल येणे आटले आणि बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, सारेच रस्त्याच्या कडेला बोतेया मागू लागले. सरकारी गाडीत जागा रिकामी असेल तर तिने थांबलेच पाहिजे, असा दंडक झाला. गावाबाहेरच्या नाक्यांवर पिवळ्या गणवेशातील कर्मचारी नेमले गेले. ते गाडी अडवीत, ती कोठे जाणार हे विचारीत आणि रांगेतील माणसांना तीत बसवून देत. लोकांनी त्यांचेही नामकरण करून टाकले: ‘आमारीयो’, पिवळे.