ओळखीच्या माणसाचा शब्द



अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या, म्हणजे ज्यांची माझी कधी भेट झालेली नाही अशा विद्यार्थ्यांचे निरोप मला येऊ लागतात. ‘सर, तुमच्या कंपनीत रेफरल मिळेल का?’ इतकाच मजकूर. कोणत्या जागेसाठी, कोणत्या शहरी, निरोप धाडणाऱ्याने आजवर काय केले आहे, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. अशा निरोपांना सहसा उत्तर मिळत नाही, आणि मग ज्यांचे काका-मामा मोठ्या हुद्द्यावर आहेत त्यांच्यासाठीच ही दारे उघडी आहेत असा ग्रह करून घेऊन तो विद्यार्थी गप्प बसतो. हा ग्रह सर्वस्वी खोटा नाही, हे मी प्रारंभीच कबूल करतो. परंतु त्यातला खोटा भाग त्याला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून आजचे हे भाषण.

रेफरलची, म्हणजे आतल्या माणसाने उमेदवार सुचवण्याची, आपल्याकडे जुनी आणि काहीशी डागाळलेली वंशावळ आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचा तरुण कामाला लागे तो बहुधा जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाताने. खात्यात कोणाला घ्यावे आणि कोणाला बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी मिळणाऱ्या तात्पुरत्या कामावर, ताटकळत ठेवावे हे जॉबर ठरवी, आणि त्या मेहेरबानीपोटी अनेकदा नवख्या कामगाराकडून दस्तुरी उकळी. १९३१ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने या पद्धतीवर ठपका ठेवला, आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची योजना आणली, ती जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्यासाठीच. वशिला हा शब्द ऐकताच आपल्या कपाळाला आठी पडते, तिच्यामागे असा पिढ्यांचा अनुभव आहे. आजच्या खाजगी कंपन्यांत मात्र पैशाचा ओघ उलट दिशेने वाहतो: सुचवलेला उमेदवार निवडला गेला आणि रुजू होऊन काही महिने टिकला, तर अनेक कंपन्या सुचवणाऱ्या कर्मचाऱ्यालाच बक्षीस देतात. तेव्हा रेफरलसाठी उमेदवाराकडेच पैसे मागणारा इसम कितीही गोड बोलला तरी तो ठग समजावा. सरकारी नोकरीची गोष्ट निराळी. तेथे घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने समान संधीची हमी दिली आहे, आणि तेथे शिफारशीची खटपट करणारा उमेदवार अपात्र ठरू शकतो.

आता ओळख कोणाची, हा प्रश्न. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि तिचा दाखला देणारा आपला प्रसिद्ध निबंध १९७३ साली छापला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फारच थोड्यांना ती नित्य भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती; बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच गाठ पडणाऱ्या, लांबच्या परिचितांकडून कळली होती. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. वेगळ्या वर्तुळात वावरणारा माणूसच वेगळी वार्ता आणतो. ज्याच्या घरात कोणीच अशा नोकरीत नाही त्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण लांबची ओळख जन्माने मिळत नाही. ती नव्याने करता येते. आपल्याच महाविद्यालयातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला विद्यार्थी, प्रयोगपरीक्षेला आलेले बहिःस्थ परीक्षक, एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधली चूक दाखवताना ज्याच्याशी दोन शब्द झाले तो अभियंता, हे सगळे त्या वर्तुळातलेच.

रेफरल देताना कर्मचारी जो फॉर्म भरतो त्यात उमेदवाराचे नाव, जागेचा क्रमांक आणि रेझ्युमे यांखेरीज बहुधा एक चौकट असते: या व्यक्तीस तुम्ही कसे ओळखता? सारी मेख त्या चौकटीत आहे. काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याच्या मुलासाठी भिडेखातर मी तीत ‘अत्यंत हुशार व मेहनती’ असे लिहून दिले, त्याचे काम न पाहता. मुलाखतीत त्याला स्वतःच्या प्रकल्पातला एक साधा मुद्दा समजावून सांगता आला नाही. पुढे मी सुचवलेल्या एका खरोखर गुणी मुलीचा अर्ज पुष्कळ दिवस पडून राहिला. माझा शब्द हलका झाला होता, आणि त्याचे मोल तिला मोजावे लागले. हे शल्य मला अजून आहे.

याउलट सांगली जिल्ह्यातून एका विद्यार्थिनीचा निरोप आला. द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजणारे यंत्र तिने बनवले होते, पण भर दुपारी ते चुकीचे आकडे दाखवी. उष्णतेमुळे मापन ढळते तेव्हा तुम्ही ते कसे सावरता, एवढेच तिने विचारले. नोकरीचे नावही नाही. मी दोन ओळींत उत्तर दिले, तिने तसे करून पाहिले, आणि पंधरवड्याने आधीचे व नंतरचे आकडे मला कळवले. दोन महिन्यांनी तिने इंटर्नशिपच्या जागेचा क्रमांक, एका पानाचा रेझ्युमे आणि आपण त्या जागेस का योग्य आहोत हे सांगणारी तीन वाक्ये धाडली, आणि खाली लिहिले, ‘आपणांस योग्य वाटले तरच.’ ती चौकट भरायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि तीत लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता. त्या शब्दाने तिला परीक्षेचे बोलावणे तेवढे मिळाले. पुढची लेखी परीक्षा आणि दोन मुलाखती तिने आपल्या बळावर काढल्या.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पुष्कळ कंपन्यांत तुम्ही आधीच स्वतः अर्ज केला असेल तर मागाहून आलेले रेफरल धरले जात नाही, म्हणून आधी विचारावे आणि मग अर्ज करावा. मात्र उत्तराची वाट पाहताना मुदत टळू देऊ नये. आणि एकाच कंपनीतल्या पाच जणांना एकाच दिवशी तोच मजकूर पाठवू नये. ते पाचही जण दुपारच्या डब्याला एकत्र बसलेले असू शकतात.

नोकरीत स्थिरावलेल्या श्रोत्यांनाही माझी एक विनंती आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या निरोपाला होकार देणे प्रत्येक वेळी शक्य नसते, देऊही नये. पण ‘तुमचे काम मी पाहिलेले नाही, म्हणून सुचवू शकत नाही, अमुक गोष्ट करून पाहा आणि मग कळवा,’ असे दोन ओळींत लिहायला जेवणाच्या सुटीतला एक क्षण पुरतो, आणि तिकडे कोणी तरी त्या दोन ओळींसाठी रात्री दहा वेळा फोन उघडून पाहत असते.