प्लेटमधली फुगडी

गटाच्या पैशातून आपण सोलरचे दिवे घेतो. त्या प्लेटमध्ये होतं काय? ऊन शिरलं की इलेक्ट्रॉन नावाचा कण जागचा उठतो, मागे रिकामी जागा उरते. दोघं फुगडीसारखी एकमेकांना धरतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. हात सुटले, तरच वीज! सिलिकॉनच्या प्लेटमध्ये ते नेहमीच्या उष्णतेनंच सुटतात. प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या पातळ थरात मात्र पकड घट्ट. १०-२० नॅनोमीटरच्या आत, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात, दुसऱ्या पदार्थाची कड भेटली नाही तर जोडी विझते, ऊन वाया जातं. म्हणून तिथे दोन पदार्थ कालवूनच थर देतात. पण ऊनच पोचलं नाही, तर फुगडी कुठली? आपण सकाळी, प्लेट गार असताना, ती ओल्या फडक्यानं पुसू, सावलीतून हलवू. पोरांच्या अभ्यासाला उजेड पुरायला हवा.