बिनद्राक्षांची सहल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी वाइनवर बोलणार आहे हे कळल्यावर बाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं दहावीनंतर आजच पाहिलं. बाई, काळजी नसावी. तीन दिवसांत मी जेवढी वाइन चाखली, त्याहून जास्त खोकल्याचं औषध लहानपणी प्यायले असेन.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या आम्ही पाचजणी नाशिकला जमलो. आपण दहावी झालो 1996 साली. पुढच्याच वर्षी सुलाने गंगापूर धरणाजवळ वाइनच्या द्राक्षांची पहिली लागवड केली आणि 2000 साली वाइनरी सुरू केली. म्हणजे आपण शिकायला बाहेर पडलो आणि मागे हे सगळं उभं राहिलं. म्हणून ठरवलं, आपल्याच गावात पाहुण्यांसारखं हिंडायचं. गंगापूर धरण, दिंडोरी रस्ता, विंचूरचा वाइन पार्क.

पहिल्याच ठिकाणी हिरमोड झाला. बागेत औषधालाही द्राक्ष नव्हतं! तोडणी मार्चपर्यंत आटोपते, हे आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मात्र टाक्यांत रमले. स्टीलच्या उंच टाक्या, प्रत्येकीवर तापमानाचा आकडा. पांढऱ्या वाइनसाठी नुसता रस थंड ठेवून आंबवतात, लाल वाइनसाठी सालांसकट, कारण रंग सालात असतो. "तापमान चढलं तर मोबाइलवर अलर्ट येतो का?" असं विचारून मी माझी नोकरीतली सवय दाखवलीच.

तेवढ्यात लक्षात आलं, आमच्यातली एक जण दिसत नाही. बाहेर येऊन पाहतो तर ही भर उन्हात एका वेलीपाशी उभी. निफाडकडून एसटीने येणारी, फेब्रुवारीत डबाभर द्राक्षं आणणारी आपली मैत्रीण. नाव घेत नाही. ती इथेच बसली आहे आणि हे सांगायला तिची परवानगी घेतली आहे.

"या इकडे," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये खरड छाटणी झालीय. ओलांड्यावर या नव्या काड्या फुटल्यात. पुढचा घड आत्ता, या उन्हात, काडीच्या डोळ्यात तयार होतोय. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरात छाटणी केली की तो बाहेर येतो."

"इतकं कसं गं लक्षात राहिलं तुझ्या?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. आपण नववीत असताना तोडणीला आठ दिवस उरले होते आणि रात्री गारपीट झाली. सकाळी वडील बागेत गेले ते दुपारपर्यंत घरी आले नाहीत. कर्ज फिटेना, तेव्हा दोन वर्षांनी बाग विकली. त्यानंतर ती कुठल्याच द्राक्षबागेत गेली नव्हती. आमच्याबरोबर आली ती पहिल्यांदाच.

"त्या वर्षी मी द्राक्षं आणली नाहीत," ती म्हणाली, "तेव्हा डबा खायच्या सुट्टीत तू विचारलं होतंस, यंदा कंजूष झालीस का गं?"

मला हे आठवतही नव्हतं. ती गारांची रात्र मात्र लख्ख आठवत होती. माझे वडील नोकरीत, पगार एक तारखेला घरी यायचा. आम्ही भावंडांनी अंगणातल्या गारा वाटीत वेचून खाल्ल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचीच गंमत मी सगळ्यांना सांगितली होती. तीही ऐकत होती.

संध्याकाळी शेनिन ब्लांकचे ग्लास समोर आले. ती पीत नाही. तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "यांची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. आमची थॉमसन, खायची. पण गार पडली की दोन्ही सारखीच."

त्या रात्री मी तिची माफी मागितली. "जाऊ दे गं, पोरवय होतं," असं म्हणून तिने विषय बदलला. पण मी ते चारचौघांत बोलले होते, तेव्हा एकटीत मागितलेली माफी पुरी पडत नाही. म्हणून आज आपल्या सगळ्या वर्गासमोर, सरांसमोर, बाईंसमोर मागते. चुकलं गं माझं.

येत्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, द्राक्षं असताना. बाग तीच दाखवणार आहे. ज्यांना यायचं असेल, त्यांनी तिच्याकडे नाव द्यावं.