आमची अडगळ, त्यांची अडगळ



आज कर्जाचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. आम्ही अकराजणींनी मिळून एक कादंबरी वाचली, ते सांगायचंय. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ’. २०१० साली आलेलं, ६०० पानांच्या आसपासचं पुस्तक. लेखकाला ज्ञानपीठ मिळालं, तेव्हापासून गावच्या वाचनालयात कपाटात उभं होतं. कुणी नेत नव्हतं. आम्ही नेलं ते नावामुळं. अडगळ म्हणजे काय ते बायांना कुणी शिकवायला नको. माळवदावर चढून ती काढायची आणि परत तिथंच ठेवायची, हे काम आपलंच!

बैठक शनिवारी. बचतीचे पैसे जमा झाले, सह्या झाल्या, की एकीनं आठ-दहा पानं मोठ्यानं वाचायची. बाकीच्या शेंगा फोडत, वाती वळत ऐकणार.

पहिला महिना फार वाईट गेला. खंडेराव नावाचा शिकलेला मुलगा मोहेंजोदडोला जुनं शहर उकरायच्या कामावर आहे. तिकडं पाकिस्तानात. वडील शेवटच्या दुखण्यात आहेत असं कळतं आणि तो मोरगावला, खानदेशात, घरी निघतो. एवढं समजलं. पण मधेच तो लहान होतो, मधेच हजारो वर्षांपूर्वीची माणसं येऊन जातात, कोण बोलतंय कळत नाही. आमच्यातली बी.ए. झालेली एक, म्हणजे ही बोलणारीच, दर पानाला अर्थ सांगायला बघायची. तिला तरी कुठं कळत होता! दोघी यायच्या थांबल्या. “ह्यात गोष्ट कुठंय?” म्हणाल्या. त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही.

मग एकदा आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी विचारलं, “हा मुलगा जागा आहे का झोपेत?” कुणालाच सांगता येईना. तेव्हा काकूच बोलल्या. त्यांच्या सासूबाई जायच्या आधी आठ दिवस कधी मेलेल्या जावेला हाक मारायच्या, कधी “आई, गाय सुटली” म्हणून उठून बसायच्या. काकू त्यांना, ती जाऊ गेली, ती गाय विकली, असं काही सांगायच्या नाहीत. नुसत्या हूं म्हणायच्या. “तसं ऐका,” काकू म्हणाल्या. “श्रावणात पोथी लावतो तेव्हा ओवी न् ओवी कळते का?”

त्या दिवसापासून अर्थ सांगणं बंद झालं आणि वाचन सुरळीत झालं.

दुसरी मदत झाली एका सुनेची. ती यावलकडची, म्हणजे लेखकाच्याच तालुक्यातली. इथं येऊन सहा वर्षं झाली तरी बैठकीत सहीपुरती बोलायची, कारण तिच्या बोलीला हसायचे लोक. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, खोटं कशाला सांगा. आता दर पानावर कुणीतरी “म्हंजे काय गं?” म्हणून तिच्याकडंच वळायचं. पुस्तकातल्या बाया बोलायला लागल्या की तीच वाचायची, आणि मग ते पुस्तकातलं वाटायचंच नाही. नातीगोती लक्षात राहावीत म्हणून तिनं ठराववहीच्या मागच्या पानांवर खंडेरावाची वंशावळ काढली. हिशोब तपासायला आलेल्या ताईंनी विचारलं, “हे कोणते सभासद?”

आता जे सांगणार आहोत ते जिचं आहे तिला विचारून सांगतोय. तिचं माहेर दोन तालुके पलीकडं आहे, तिथवर आपला रेडिओ पोचत नाही.

खंडेराव घरी येतो, वडिलांमागं घरदार-शेतीचा भार त्याच्यावर येणार, आणि त्याचं मन काही ठरत नाही, असा भाग चालला होता. ही एकदम म्हणाली, “ह्याला सगळं चालत येतंय तर ह्याला अडगळ वाटतीय. मला कुणी दिली असती तर मी झाडून पुसून लावली असती.”

वाचन तिथंच थांबलं. तिच्या भावानं हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं होतं, सहीला कधी येतेस म्हणून फोन चालले होते. आम्हाला माहीतच नव्हतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे आम्ही बैठकीत कितीदा वाचून दाखवलेलं. तेव्हा ती मान हलवायची. त्या रात्री मात्र भांडणच लागलं. निम्म्या म्हणाल्या, सही करू नको, एकदा निबंधकाकडं दस्त नोंदवला की मागं घेणं सोपं नसतं. निम्म्या म्हणाल्या, दोन एकरांसाठी माहेरचा उंबरा तुटेल, दिवाळीला कुणाच्या दारात जाशील? काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतः सही केली होती, चाळीस वर्षांपूर्वी.

पुस्तकात ह्याचं उत्तर नाही. खंडेरावाचंच ठरत नाही, तो आपलं काय सांगणार!

पण तिनं भावाला कळवलं, “आमचं एक पुस्तक चाललंय. ते संपलं की सांगते.” भावाला वाटलं असेल, महिनाभराची गोष्ट. आम्हाला चौदा महिने लागले. मधे सुगी, लग्नसराई, दोन बाळंतपणं. भाऊ फोन करून विचारायचा, “संपलं का गं?” आणि ही खरं तेच सांगायची, “नाही अजून.”

वैशाखात शेवटचं पान झालं. थोडा वेळ कुणीच उठलं नाही. मग यावलकडच्या सुनेनं पुस्तक मिटलं, तर हिनं ते तिच्या हातातून घेतलं आणि विचारलं, “पहिली शंभर पानं आपल्याला नीट लागलीच नव्हती. पुन्हा सुरुवातीपासून लावायचं का?”

येत्या शनिवारी पान पहिलं.