अन्नाचा कारखाना आणि राबणारे हात



ज्यांच्या गावात गुऱ्हाळ आहे, त्यांना गुळव्याची ओळख करून द्यायला नको. चरक विकत मिळतो, काहिल विकत मिळते, चुलवाण बांधता येते. पण एकदा रस उकळू लागला, की पुढचा सारा कारभार गुळव्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर. मळी केव्हा काढायची, भेंडीचे पाणी किती घालायचे, थंड पाण्यात गोळी करून पाक कसा पाहायचा आणि नेमक्या कोणत्या घटकेला काहिल उतरवायची, हे त्याने ठरवायचे. उशीर झाला तर ढेप काळवंडते, घाई झाली तर गूळ नरम राहून पाघळतो. म्हणूनच शहाणा शेतकरी हंगामात गुळव्याशी भांडत नाही. त्याची भाकरी वेळेवर गेली का, रात्री अंगावर घोंगडे आहे का, याची चौकशी घरची कारभारीण स्वतः करते. यात माणुसकी आहेच. पण हिशेबही आहे, बरं का! काहिलीत वर्षभराचा ऊस उकळत असतो.

आजच्या भाषणाचा विषय हाच, फक्त गुऱ्हाळापेक्षा थोडा मोठा. खाद्यपदार्थांच्या धंद्यात कामकऱ्यांना जसे वागवावे, तसा त्या धंद्याचा नफातोटा होतो काय? कापडात धागा तुटला तर तो तपासणीत दिसतो. खाण्याच्या जिनसेतली चूक पुष्कळदा खाणाऱ्याच्या तोंडात गेल्यावरच कळते. प्रत्येक पापड, प्रत्येक बिस्किट चाखून कोणी विकू शकत नाही. तेव्हा हात धुतले की नाहीत, पीठ नीट मळले की नाही, हे शेवटी मळणाऱ्याच्या मनावर राहते. मुकादम पाठीशी उभा करून ते साधत नाही.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पैसा असला की मालक चार सवलती देतो. नफा आधी, सवलती मागून." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर म्हणून एक हकीकत सांगतो. ती मुंबईतली आहे आणि तिची सुरुवात अवघ्या ८० रुपयांवर झाली.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. ८० रुपये उसने दिले होते छगनलाल पारेख यांनी. त्यांना लोक छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. हीच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था झाली. लिज्जत हे नाव मात्र १९६२ साली पडले.

आता या बायकांनी काय काय ठरवले ते पाहा. देणगी घ्यायची नाही, मग तोटा झाला तरी चालेल. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक स्वस्त नि एक चांगला. छगनबापांनी बजावले, की प्रत एकच ठेवा आणि ती उत्तम ठेवा. हिशेबही चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम चार महिने बंद पडले. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला, वर पापड आणि खाली आच, आणि पाऊस असूनही लाटणे चालू राहिले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. म्हणजे सवलती देण्याइतका नफा गाठीशी नव्हता. नियम मात्र पहिल्यापासून होते.

मला सर्वांत महत्त्वाचा नियम वाटतो तो हा : लाटणारी प्रत्येक बाई मालक. तिला नोकर म्हणत नाहीत, बहीण म्हणतात. नफा आणि तोटा दोन्ही सगळ्या जणी वाटून घेतात. शाखेची संचालिका बाहेरून पदवी घेऊन आलेली नसते. ती लाटणाऱ्यांतूनच वर येते. मध्यवर्ती समिती २१ जणींची. हिशेबनीस, मोटारचालक म्हणून पुरुष पगारावर असतात, पण सभासद होऊ शकत नाहीत.

कामाची रीत अशी. पहाटे शाखेत एक गट उडदाचे पीठ मळतो. बहिणी येतात, कालचे पापड देतात, त्यांची लाटणावळ घेतात, आजचे पीठ घेऊन घरी जातात. लाटणे घरच्या जमिनीवर होते, आणि तिथे सारा दिवस पाहायला कोणी नसते. अधूनमधून घर तपासतात, शाखेत पापड तपासून घेतात, एवढेच. मग पापड मुंबईचा असो की दुसऱ्या गावचा, तो सारखा कसा निघतो? माझे उत्तर असे, की कच्चा पापड खपवला तर तोटा आपल्याच हिश्शातून जाणार, हे लाटणारीला पक्के ठाऊक असते. शिवाय मजुरीसाठी महिनाभर वाट पाहावी लागत नाही. रोज संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या घरात याची किंमत काय, ती घरधनिणीलाच विचारावी.

१९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. आज तिथे ४० हजारांहून अधिक बहिणी आहेत. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

अर्थात हा स्वर्ग नव्हे. दिवसभर उकिडवे बसून लाटणे पाठीला किती जड जाते, हे कोणी सांगायला नको. पापड लाटला तर लाटणावळ. हात दुखावला, तर त्या दिवशी ती बुडाली. मालकपणाने हे दुखणे जात नाही.

आता आपल्या घरच्या, म्हणजे साखरेच्या कारखान्याकडे वळू. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि ऊस पिकवणारा मालक झाला. पण ऊस तोडणारा? तो मालक तर नाहीच, पुष्कळ ठिकाणी तो कारखान्याचा नोकरसुद्धा नाही. त्याचा व्यवहार मुकादमाशी. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची मिळून उचल, आणि एक दिवस चुकला की खाडा.

याचा उताऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकी त्यातली साखर घटत जाते. टोळी आजारी पडली, किंवा उचलीवरून भांडण होऊन मुकादमाला सोडून गेली, की ऊस फडात वाळतो आणि यंत्रे उसाची वाट पाहतात. कोट्यवधींची यंत्रे कोपीत राहणाऱ्या माणसांवर अवलंबून! गुळव्याला घोंगडे देणारे आपले शहाणपण इथे कुठे गेले, हे मला उमगत नाही.

२०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणे अनेक होती. पण दुखणे काढत बसले तर खाडा पडेल, ही भीतीही बायकांच्या तोंडून ऐकू आली. हा आकडा वाचल्यावर मी काही वेळ पुढची ओळ वाचू शकलो नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना या गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे. दिवाळीनंतर हजेरीपटावर नावे असतात, बाके रिकामी असतात. त्या मुलांसाठी काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, काही गावांत हंगामी वसतिगृहे निघाली. जिथे ती नीट चालतात, तिथे थोरल्या बहिणीला धाकट्याला सांभाळत फडाच्या बांधावर बसावे लागत नाही, आणि आईचे लक्ष कोयत्यावर राहते.

ज्या श्रोत्यांचे कारखान्यात भागभांडवल आहे त्यांनी येत्या वार्षिक सभेत उतारा विचारावाच. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारावेत : तोडणी आणि गाळप यांच्यात सरासरी किती तास गेले, आणि टोळ्यांच्या तळावर पाण्याची, संडासाची, औषधाची काय सोय होती. पहिल्याचे उत्तर शेतकी अधिकारी देतील. दुसऱ्याचे उत्तर कोण द्यायला उठतो, ते पाहावे.