प्रयोगशाळा आणि पंचक्रोशी : कोल्हापुरातील विज्ञानसंशोधन

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. पुढे देशाबाहेर विद्यापीठाची जी ओळख झाली, तिच्यात मात्र पदार्थविज्ञान, जैवरसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विभागांचा वाटा मोठा आहे. महागडी यंत्रे मोठ्या शहरांतील संस्थांकडे होती. कोल्हापूरच्या संशोधकांनी हाताशी असलेल्या साधनांना जमतील आणि भोवतालच्या मुलखातून सुचतील असे प्रश्न निवडले. ही निवडच या परंपरेची खरी ताकद ठरली.

पातळ थरांवरील काम हे याचे ठळक उदाहरण होय. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असा अर्धवाहकाचा थर चढवण्यासाठी एरवी निर्वात यंत्रणा लागते. सी. डी. लोखंडे, सी. एच. भोसले, पी. एस. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक मार्ग धरला. बीकरमधल्या द्रावणात धातूचे आयन अमोनियासारख्या संयुगाने बांधून ठेवायचे, ते सावकाश मोकळे होतील अशी व्यवस्था करायची आणि थायोयुरियातून मिळणाऱ्या गंधकाशी त्यांचा संयोग काचेच्या पृष्ठभागावर घडवून आणायचा. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आतच राहते. दुसऱ्या पद्धतीत पट्टी आधी धन आयनांच्या द्रावणात बुडवतात, धुतात, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा धुतात. अशा फेऱ्यांगणिक थर वाढतो. तिसऱ्या पद्धतीत तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारतात. या थरांचा उपयोग सौर घट, वायुसंवेदक आणि अतिधारित्र यांसाठी होतो. अतिधारित्रात विद्युतभार मुख्यतः पृष्ठभागापाशी साठतो, म्हणून ते बॅटरीपेक्षा झटपट भरते आणि रिकामे होते; साठा मात्र कमी. त्यामुळे सच्छिद्र, भरपूर पृष्ठभाग असलेला थर स्वस्तात मिळणे महत्त्वाचे. स्मरणशक्ती असलेल्या रोधकावरील, म्हणजे मेमरिस्टरवरील, अलीकडचे कामही याच वाटेने पुढे गेले आहे. अडचण एकच आणि ती मोठी आहे : चौरस सेंटिमीटरभर पट्टीवर साधलेला एकसारखेपणा कारखान्याच्या मापाच्या पत्र्यावर टिकवणे सोपे नाही.

इचलकरंजीच्या कापड उद्योगातून येणाऱ्या रंगपाण्याने दुसरा प्रश्न पुढे केला. कापडाला वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांत ॲझो रंगांचा भरणा मोठा असतो. दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध हे त्यांचे वैशिष्ट्य. एस. पी. गोविंदवार यांच्या गटाने हे रंग मोडणारे जिवाणू, यीस्ट आणि वनस्पती यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या एका स्यूडोमोनास वाणाच्या ‘एसयूके १’ या नावात विद्यापीठाची आणि गावाची आद्याक्षरे आहेत. ॲझोरिडक्टेज हे विकर दुहेरी बंध तोडते आणि पाणी नितळ दिसू लागते. पण नितळ म्हणजे निर्धोक नव्हे. बंध तुटल्यावर उरणारी काही ॲरोमॅटिक अमाइन्स मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. त्यांचे ऑक्सिडीकरण करायला लॅकेज, पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे लागतात. म्हणून प्रक्रिया केलेल्या पाण्यात ज्वारी, मूग अशा पिकांचे बी रुजवून कोंब आणि मूळ किती वाढते हे तपासले गेले. हा भाग एखाद्या नव्या जिवाणूच्या शोधाइतकाच मोलाचा आहे, कारण पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला पाण्याच्या रंगाशी कमी आणि उगवणीशी जास्त देणेघेणे असते.

वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर आहे. एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया या प्रजातीवरील काम त्याहून वेधक. या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. माशी आत शिरते, पण परत फिरू शकत नाही. केस सुकले की ती सुटते आणि परागपुंज अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. कित्येक जाती एखाद्या डोंगरापुरत्याच उरल्या असल्याने विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांची लागवड करून जतन केले जाते. नव्या जातीचे वर्णन करणे हे अनेकांना जुन्या पठडीचे विज्ञान वाटते. तसे वाटणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात सडा पाहावा.

आकाशाकडे पाहणारे कामही येथे चालते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मध्यम कंप्रतेचे रडार १९९९ पासून कोल्हापुरात बसवलेले आहे. १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरींनी ते साधारण ६० ते १०० किलोमीटर उंचीवरील वारे मोजते. आयनांबरातील सुमारे २५० किलोमीटर उंचीवरचा मंद तांबडा प्रकाशही येथून टिपला गेला आहे. चुंबकीय विषुववृत्तावर उठून उत्तर-दक्षिण पसरणारे प्लाझ्माचे बुडबुडे या अक्षांशावरून दिसू शकतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत अडथळा आणणाऱ्या कारणांपैकी ते एक आहेत.

कोल्हापुरात विज्ञानाचा विषय निघाला आणि गूळ राहून गेला, असे होऊ नये. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या येथील ऊस व गूळ संशोधन केंद्राचे ‘को ९२००५’ हे वाण गुळासाठी नावाजलेले आहे. काहिलीतील रसाची मळी काढण्यासाठी हायड्रॉस या रासायनिक पावडरीऐवजी भेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत संशोधकांनीही शिफारशीत ठेवली. हे ज्ञान गुऱ्हाळापर्यंत पोचले, कारण ते मराठीत सांगितले गेले.

बाकीच्या शाखांत ही साखळी तुटलेली आहे. शोधनिबंध इंग्रजीत असणे अपरिहार्य. पण रंगपाण्यावरचा प्रबंध इचलकरंजीच्या प्रोसेसिंगवाल्याला आणि संवेदकावरचा प्रबंध कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदाराला वाचता येऊ नये, याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्रत्येक पीएच. डी. प्रबंधासोबत चार पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करावा आणि तो सर्वांना खुला ठेवावा, अशी शिफारस कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यापीठांकडे व्हावी.